चार थेंबांवर पाय का सरकतो?

पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरून पाण्याचे लोट वाहत असतात. माणसं त्यातूनच बस पकडायला धावतात आणि सहसा कुणी घसरत नाही. तीच माणसं बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा ऑफिसच्या इमारतीत शिरतात. डोक्यावर छप्पर असतं, पायाखाली लखलखीत लादी असते, आणि पाणी म्हणाल तर कुणाच्या तरी छत्रीतून गळलेले चार थेंब. पाय सरकतो तो तिथं. जिथं पाणी धो धो आहे तिथं पकड शाबूत, आणि जिथं ते नावापुरतं आहे तिथं गायब, हे कसं?

पडलेल्या माणसाच्या कानावर पहिलं वाक्य येतं ते बहुधा ‘अहो, बघून चालायचं ना!’ तोही बिचारा ओशाळून कपडे झटकतो आणि लागलंय की नाही हे न बघताच पुढे निघतो. मला हा दोषारोप अन्यायाचा वाटतो. माणूस दारातून आत पाऊल टाकतो, तोवर घसरण्याची बहुतेक तयारी झालेली असते. फरशी कोणती बसवली, ती कधी आणि कशानं पुसली, पायऱ्या किती उंचीच्या बांधल्या, दिवा कुठं लावला, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं.

आणि हा विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण येतं. यात उंचावरून पडणं आलं, घरात पडणंही आलं. जीव वाचतो पण दवाखाना गाठावा लागतो, अशा पडण्याच्या घटना वर्षाला ३ कोटी ७३ लाखांच्या घरात आहेत.

टाच टेकते तेव्हा

चालताना पुढचा पाय जमिनीला लागतो तो टाचेच्या मागच्या कडेनं. त्या वेळी पाय अंगाच्या पुढे आणि तिरका असतो. त्यामुळे तो फरशीला खाली दाबतो आणि त्याच वेळी पुढेही रेटतो. हा पुढचा रेटा खालच्या दाबाच्या साधारण पाचवा हिस्सा असतो. फरशीनं तेवढी पकड दिली, की पाऊल जागच्या जागी थांबतं. पकडीचं हे प्रमाण आकड्यात सांगतात, त्याला घर्षणांक म्हणतात. साध्या सपाट जागेवरच्या नेहमीच्या चालीला ०.२ च्या आसपासचा घर्षणांक पुरतो. भरभर चालताना, एकदम वळताना किंवा जड ट्रॉली ढकलताना तो जास्त लागतो. कोरड्या गुळगुळीत ग्रॅनाइटवरसुद्धा रबरी तळव्याला याच्या दुपटीहून अधिक पकड सहज मिळते. म्हणून कोरड्या दिवसांत त्या फरशीबद्दल कुणाची तक्रार नसते. ती ओली झाली, की हीच पकड गरजेच्या खाली उतरू शकते.

खरं तर टाच प्रत्येक पावलाला किंचित सरकतेच. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. दहाएक सेंटिमीटरच्या पुढे गेली, की मात्र तोल सावरणं बहुतेकांच्या हाताबाहेर जातं. त्या क्षणी अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येत असतो. भार घ्यायला निघालेला पायच पुढे पळाला, की माणूस मागच्या मागे आदळतो. हे सगळं सेकंदाच्या आत आटोपतं. हात टेकवायला सापडला तर मनगट मोडण्याची भीती, नाही सापडला तर खुबा किंवा डोक्याची मागची बाजू.

यात शरीराच्या अपेक्षेचाही भाग आहे. पुढची जागा निसरडी आहे हे कळलं, की आपण विचार न करता चाल बदलतो. पावलं आखूड पडतात आणि तळवा सपाट टेकतो. पाऊल आखूड झालं की पाय कमी तिरका होतो आणि पुढचा रेटा घटतो. शेवाळलेल्या अंगणातून रोज ये-जा करणारी म्हातारी माणसं याच चालीनं जातात. म्हणून सगळीकडे सारखी निसरडी असलेली जागा एका अर्थी बरी. धोका असतो तो बदलाचा. चाळीस पावलं कोरड्या लादीवरून झरझर चालत आलं आणि एकेचाळिसावं पाऊल पाण्याच्या कूलरखालच्या ओलीवर पडलं, तर शरीराला चाल बदलायची सूचनाच मिळालेली नसते. स्वच्छ पाणी पारदर्शक असतं, त्यात खाली चकाकती लादी. ‘बघून चालायचं’ म्हणजे नेमकं काय बघायचं?

अडकलेलं पाणी

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. धुतलेली दोन ओली स्टीलची ताटं एकावर एक बसली, की वरचं ताट सरळ उचलून सुटत नाही, पण आडवं ढकललं की सर्रकन सरकतं. मधल्या पाण्याला चटकन बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे दोन्ही ताटं एकमेकांना टेकतच नाहीत, पाण्याच्या पातळ थरावर तरंगतात. टाच आणि गुळगुळीत लादी यांच्यात हेच घडतं. टाचेखालचं पाणी पिळून बाहेर जायला जेमतेम एक दशांश सेकंद मिळतो. तेवढ्यात ते निघालं नाही, तर टाच फरशीवर न टेकता पाण्यावर टेकते.

डांबरी रस्त्यावर खडीची टोकं वर आलेली असतात आणि त्यांच्यामध्ये खळगे असतात. पाणी खळग्यांत उतरतं आणि रबर थेट दगडाला भिडतं. म्हणजे पाणी किती आहे याला फार महत्त्व नाही. त्याला जायला जागा आहे का, हे महत्त्वाचं. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटला किंवा चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलला अशी जागाच ठेवलेली नसते, म्हणून चार थेंब पुरतात.

ही जागा किती लागते, हे ऐकून आश्चर्य वाटतं. नुसत्या पाण्यासाठी फरशीच्या पृष्ठभागावर सुमारे २० मायक्रॉनचा उंचसखलपणा असला तरी बरंचसं काम भागतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पकड देणारा खडबडीतपणा केसाच्या जाडीहूनही बारीक आहे. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीनं झिजून गेला तरी लक्षात येत नाही. जुन्या वाड्यांतल्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर पाथरवट टाकीचे घाव मुद्दाम ठेवत. वर्दळीनं मधोमध ते घाव बुजलेल्या पायऱ्या पावसात नेमक्या तिथंच निसरड्या होतात, कडेला होत नाहीत.

पाण्याऐवजी काहीतरी दाट असेल तर प्रश्न वाढतो. तेल, साबणाचं पाणी, दूध, आमटी हे टाचेखालून पाण्याइतक्या लवकर निघत नाहीत, म्हणून त्यांना जास्त खोल खळगे लागतात. हॉटेलच्या भटारखान्यात ग्राहकांच्या हॉलमधलीच टाइल बसवणं म्हणूनच धोक्याचं. शनिवारी मारुतीच्या देवळात तेल सांडतं, भक्त अनवाणी असतात आणि गाभाऱ्यासमोर हल्ली संगमरवर असतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की गर्दीतल्या एखाद्या आजी पडतातच. कोरडी पावडरही तसाच दगा देते. पिठाच्या गिरणीतलं पीठ, कॅरमची पावडर, दिवाळीत ऑफिसच्या लॉबीत ग्रॅनाइटवर काढलेली आणि संध्याकाळपर्यंत पायांनी पसरलेली रांगोळी. पावडरीचे कण तळवा आणि लादी यांच्यामध्ये येऊन दोघांना भिडू देत नाहीत. रांगोळी जरूर काढावी, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको, आणि कडेनं काहीतरी आडोसा ठेवावा.

हात फिरवून फरशी घेऊ नये

फरशीच्या दुकानात आपण काय करतो? नमुना हातात घेतो, त्यावरून कोरडी बोटं फिरवतो, उजेडात धरून झळाळी बघतो. यातून ओल्या फरशीबद्दल काहीही कळत नाही. मॅट दिसणारी टाइलही ओली झाल्यावर घसरू शकते.

फरशीची पकड मोजण्याची एक खात्रीची पद्धत लंबकाची आहे. एका दांड्याच्या टोकाला रबराचा तुकडा बसवतात. हे रबर टाचेच्या जागी समजायचं. दांडा आडवा धरून सोडला, की तो खाली येतो, ओल्या फरशीला थोड्या अंतरापुरता घासत जातो आणि पलीकडे वर चढतो. फरशीनं त्याला जितकं जास्त अडवलं, तितका तो कमी चढतो, आणि काटा आकडा दाखवतो. ब्रिटनमध्ये ओल्या फरशीवर हा आकडा ३६ किंवा जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. २५ ते ३५ मध्यम, आणि २४ पर्यंत जास्त. हे यंत्र १९४० च्या दशकात अमेरिकेत इमारतींतल्या फरश्यांसाठी तयार झालं, मग ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं ते सुधारून रस्त्यांसाठी वापरलं. आज ते दोन्हीकडे चालतं. रस्त्याची आणि लॉबीची परीक्षा एकाच मापानं घेता येते, हे आपल्या कोड्याच्या दृष्टीनं फार सोयीचं आहे.

लंबक दुकानात मिळणार नाही. पण नमुन्याची लादी जमिनीवर ठेवून तिच्यावर साबणाचं पाणी टाकायचं आणि कशाला तरी धरून, रोजच्या चपलेनं टाच पुढे सरकवून बघायची, एवढं कुणालाही जमतं. दुकानदार जरा वैतागेल. वैतागू द्यावं.

| चौकट : टाइलच्या खोक्यावरचा ‘आर’
| काही टाइलच्या खोक्यावर आर ९, आर १० असे आकडे असतात. हे जर्मन चाचणीचे आहेत. कलत्या फळीवर टाइल बसवतात, तिच्यावर तेल पसरतात. दोरीनं सुरक्षित बांधलेला माणूस ठरावीक बूट घालून तिच्यावर पुढे-मागे चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत जातात. त्याला असुरक्षित वाटू लागतं तो कोन मोजतात.
| आर ९ : ६ ते १० अंश
| आर १० : १० ते १९ अंश
| आर ११ : १९ ते २७ अंश
| आर १२ : २७ ते ३५ अंश
| आर १३ : ३५ अंशांच्या पुढे
| ही मोजणी ९ पासूनच सुरू होते. म्हणून आर ९ ही सगळ्यांत खालची पायरी आहे. विक्रेत्यानं ‘साहेब, आर ९ आहे, अँटिस्किड’ असं सांगितलं, तर ती ओल्या जागी लावू नये. अनवाणी चालायच्या जागांसाठी, म्हणजे न्हाणीघर किंवा पोहण्याचा तलाव, साबणाच्या पाण्यावरची वेगळी चाचणी असते.

तोच ग्रॅनाइट पॉलिश करून मिळतो, लेदर फिनिशमध्ये मिळतो आणि आगीनं भाजून खरखरीत केलेल्या फ्लेम फिनिशमध्येही मिळतो. दरवाजाबाहेरच्या पायऱ्या आणि उतारासाठी शेवटचा घ्यावा. आधीच बसवलेली लादी उखडणं परवडत नसेल, तर रसायनानं तिचा पृष्ठभाग किंचित खरवडून घेता येतो किंवा वाळूच्या कागदासारख्या पट्ट्या चिकटवता येतात. दोन्ही झिजतात, म्हणून दरवर्षी तपासावं लागतं.

पुसून ठेवलेला धोका

सरकारी रुग्णालयातली सकाळची दहाची वेळ घ्या. बाह्यरुग्ण विभागाबाहेर केसपेपरची रांग लागलेली असते आणि त्याच वेळी मावशी बादली घेऊन व्हरांड्याच्या टोकापासून सुरुवात करतात. फिनेल अंदाजानं ओतलेलं असतं. मॉप एकदा पिळून निम्मा व्हरांडा पुसून होतो. तिसऱ्या-चौथ्या खोलीपर्यंत बादलीतलं पाणी राखाडी झालेलं असतं आणि तेच पुढे फिरतं. एका जागी सांडलेला कपभर चहा होता, तो मॉपनं ओढला गेल्यावर पाच-सहा फूट लांबीचा पातळ ओला पट्टा होतो. मावशींचा यात काहीच दोष नाही. त्यांना दहाची वेळ दिलेली असते, एकच बादली दिलेली असते, सुकं फडकं दिलेलं नसतं.

पुसण्याची वेळ बदलणं हा बहुतेक इमारतींत बिनखर्चाचा उपाय आहे. वर्दळ सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर पुसावं. दिवसा पुसायचंच असेल, तर व्हरांडा उभा अर्धा-अर्धा वाटून घ्यावा, एक बाजू वाळली की दुसरी घ्यावी. ओल्या मॉपमागून लगेच सुकं फडकं फिरवावं. जुलैत मुंबईच्या दमट हवेत फरशी आपली आपण वाळायची वाट बघणं व्यर्थ आहे. थोडंसं सांडलं असेल तर ओला मॉप आणूच नये, जुन्या सुती कापडानं किंवा कागदानं टिपून घ्यावं.

साबण आणि फिनेल जास्त घातलं म्हणजे फरशी जास्त स्वच्छ होते, हा समज फार पक्का आहे. जास्तीचं रसायन वाळून अदृश्य थर म्हणून बसतं आणि पुढच्या वेळी दोन थेंब पडले की तोच थर बुळबुळीत होतो. भटारखान्यात तेलकट फरशीवर साबण टाकून लगेच मॉप फिरवला, तर तेल फक्त पसरतं. साबणाला काही मिनिटं काम करू द्यायचं, खराट्यानं घासायचं, मग वायपरनं सगळं नाल्याकडे ओढायचं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२व्या कलमात फरश्या, पायऱ्या आणि वाटा अडथळ्यांपासून व पाय घसरेल अशा पदार्थांपासून मोकळ्या ठेवण्याची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली होती. कामगारानं जपून चालावं, असं ते कलम म्हणत नव्हतं.

आणि तो पिवळा ‘ओली फरशी’चा फलक? पुसून वाळेपर्यंत ठेवला आणि उचलला तर उपयोगाचा. बारा महिने एकाच कोपऱ्यात उभा असेल तर आठवड्याभरात तो दिसेनासा होतो.

दारातली दहा पावलं

इमारतीतली सर्वांत धोक्याची जागा बहुतेकदा प्रवेशद्वाराच्या लगेच आत असते. तळवे ओले असतात, छत्री गळत असते, बाहेरच्या उजेडातून एकदम अंधाऱ्या लॉबीत आल्यामुळे डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, वय झालेल्यांना जास्तच. त्यात दारात उंबऱ्यापाशी एखादी पायरी किंवा फरशीचा बदल असतो. दारात टाकलेलं हातभर काथ्याचं पायपुसणं पहिल्या पन्नास माणसांत भिजून चिंब होतं आणि मग स्वतःच पाणी पुरवू लागतं. प्रत्येक पाय दोन-तीनदा पूर्ण टेकेल इतकं, म्हणजे काही मीटर लांब पायपुसणं लागतं. ते पावसाळ्यात दिवसभरात बदलत राहावं लागतं आणि त्याच्या कडा वळलेल्या चालत नाहीत. दाराबाहेर पुरेसा छज्जा आणि छत्र्या ठेवायला स्टँड असला तर निम्मं पाणी आत येतच नाही.

अडखळणं निराळं

घसरलेला माणूस मागे पडतो, अडखळलेला पुढे. चालताना मागून पुढे येणारा पाय जमिनीपासून सरासरी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच वर असतो. शरीर शक्ती वाचवण्यासाठी त्याला त्याहून उंच उचलतच नाही. त्यामुळे एक सेंटिमीटर वर आलेली टाइलची कड, गालिच्याचा दुमडलेला कोपरा किंवा टेबलाखालून आडवी गेलेली वायर पुरेशी आहे. इथं उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. कड बसवून घ्यायची, वायर भिंतीच्या कडेनं न्यायची, आज.

एका पायरीचा फरक

जिना चढता-उतरताना आपण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर उंचीचा अंदाज घेतो आणि मग बघणं सोडून देतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच असतील असं पाय धरून चालतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या भुयारी रेल्वेच्या ३६व्या स्ट्रीट स्थानकात एक पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती. २०१२ मध्ये एका चित्रपटकारानं तिथं कॅमेरा लावला. एकामागून एक माणसं, तरुण, म्हातारी, मूल कडेवर घेतलेली, सगळी नेमकी त्याच पायरीवर ठेचकाळताना दिसली. चित्रफीत गाजली आणि रेल्वे प्रशासनानं जिना दुरुस्तीला घेतला. तोवर प्रत्येकाला आपलंच लक्ष नव्हतं असं वाटत असणार.

आपल्याकडे फरशी बदलताना हाच प्रकार होतो. जुन्या फरशीवर नवी बसवतात, मजल्याची पातळी दोन-अडीच सेंटिमीटर वर येते, आणि जिन्याची पहिली व शेवटची पायरी बाकीच्यांहून वेगळ्या उंचीची होऊन बसते. कंत्राटदाराला याची जाणीव करून द्यावी लागते.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार सभागृहं, संस्था अशा सार्वजनिक वापराच्या इमारतींत पायरीची रुंदी किमान ३० सेंटिमीटर आणि उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर असावी. घरांसाठी हेच माप २५ आणि १९ सेंटिमीटर आहे. रुंदीचा संबंध उतरण्याशी आहे. उतरताना तळव्याचा पुढचा भाग पायरीच्या कडेबाहेर जातो. पायरी अरुंद असेल तर तो फारच बाहेर जातो आणि कडेवरून घसरतो. वरून बघताना एकरंगी ग्रॅनाइटच्या पायऱ्यांची कड कुठं संपते तेच कळत नाही. कडेवर वेगळ्या रंगाची, खरखरीत पट्टी लावली की दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात. आणि कठडा दोन्ही बाजूंना, मुठीत मावेल असा, शेवटच्या पायरीच्या थोडा पुढपर्यंत हवा. शेवटची पायरी राहिली आहे हे विसरून पाय टाकणारे पुष्कळ असतात.

पडल्यावर

कुणी पडलं की चार जण धावतात आणि काखेत हात घालून उभं करतात. वयस्कर माणसाच्या बाबतीत हे करू नये. आधी आहे तसं राहू द्यावं, डोक्याला लागलं का, जांघेत दुखतं का विचारावं. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर खुबा मोडल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी उठवू नये, चालवून बघू नये, १०८ला फोन करावा.

रुग्णवाहिका निघून गेल्यावर इमारतीत पहिलं काम होतं ते फरशी पुसण्याचं, आणि का पडलं याचा पुरावा बादलीत जातो. पुसण्याआधी मोबाइलवर फरशीचा, चपलेच्या तळव्याचा आणि वरच्या दिव्याचा फोटो घ्यावा. वेळ, जागा आणि फरशीवर काय होतं हे लिहून ठेवावं. पडता पडता वाचलेल्यांचीही नोंद करावी, कारण त्या घटना जास्त असतात आणि कुणी सांगत नाही. सुरक्षारक्षकाला आणि सफाईच्या मावशींना विचारलं तर ते सांगतील, त्यांना सगळं ठाऊक असतं. पावसाळाभर अशा नोंदी इमारतीच्या नकाशावर फुल्या मारून मांडल्या, की फुल्या कुठं दाटतात ते दिसू लागतं. पैसे थोडे असतील तर पहिल्यांदा त्या जागांवर खर्च करावेत, आणि ते काम पुढच्या पावसाळ्याआधी, मेमध्येच उरकावं.